ध्यानातले अनुभव येतात ते ध्यानामुळेच का?

गेजवाला

नमस्कार मंडळी. विषय जुना आहे. इथल्या जुन्या धाग्यांवर दोन्ही बाजूंची भांडणं वाचली आहेत, ती पुन्हा नकोत. माझा प्रश्न साधा, कारखान्यातल्या माणसाचा आहे.

जानेवारीत इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहाटे ४ ला घंटा, साडेचारला साधना सुरू, दिवसाला दहाएक तास बसणं. फोन, वही, पेन, पुस्तक सगळं जमा. बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. ११ ला जेवण, आणि नव्या साधकाला संध्याकाळी ५ ला चहा, चुरमुरे, एखादं फळ. बस्स. पहिले तीन दिवस नाकाखालच्या चिमूटभर जागेवर श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवत संवेदना बघायच्या. तिथून पुढे दिवसातून तीनदा अधिष्ठान, म्हणजे तासभर अजिबात न हलता बसणं.

पहिले पाच दिवस मला गुडघ्यांपलीकडे कसलाही साक्षात्कार झाला नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी बसलो असताना शरीराची कड गेली. याहून बरा शब्द सापडत नाही. मी कुठे संपतो आणि आसन कुठे सुरू होतं हे कळेना. अंगभर बारीक कंप, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. गुडघा होता, पण त्यातलं दुखणं कुणा दुसऱ्याचं असावं असं लांब गेलेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वाईट मात्र काहीच वाटत नव्हतं. असं वीसेक मिनिटं चाललं असेल, घड्याळ नव्हतं.

आता प्रश्न. मी सातपूरला प्रेशर गेज कॅलिब्रेट करतो, म्हणजे दाब मोजणाऱ्या यंत्रांचा काटा बरोबर दाखवतो का ते तपासतो, बावीस वर्षं झाली. काटा हलला म्हणजे दाब वाढलाच असं आम्ही धरत नाही. पाइप थरथरला, ऊन तापलं, नळीत हवा अडकली तरी काटा हलतो. काटा हलला हे खरं, पण कशानं हलला ते वेगळं शोधावं लागतं. माझा काटा हलला यात मला शंका नाही. पण त्या दहा दिवसांत माझ्यावर एकट्या ध्यानाचा प्रयोग झालाच नव्हता. झोप कमी, रात्रीचं जेवण बंद, फोन नाही, बायको-पोरं नाहीत, साहेब नाही, दहा दहा तास एका जागी. वर रोज संध्याकाळी प्रवचन, ज्यात सूक्ष्म तरंगांचं वर्णन मी आधीच ऐकलेलं. यातलं नक्की कशानं झालं?

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, फार शांत वाटतंय. ती म्हणाली, "दहा दिवस तू घरात नव्हतास, मलाही फार शांत वाटतंय. मी तर डोळेसुद्धा मिटले नाहीत."

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. ज्यांनी बरीच वर्षं साधना केली आहे आणि ज्यांनी यातलं संशोधन वाचलं आहे, दोघांनीही लिहा.

चिंचोका

वहिनींना दंडवत. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सुलभाताई

गेजवाले, धागा प्रामाणिक वाटला म्हणून लिहिते. माझी सात शिबिरं झाली आणि घरी सकाळ-संध्याकाळ बसते त्याला एकोणीस वर्षं होतील.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं होतं, तुम्ही ते ऐकलं नाहीत. ही विपश्यना शिकवणारे गोएंकागुरुजी मुद्रित प्रवचनांतून रोज बजावतात की संवेदना सुखद असो की दुःखद, तिला चिकटू नका, ती जाणार आहे. तुम्ही जे वर्णन केलंत तो धाराप्रवाह. तो आला म्हणून पदक नाही, नाही आला म्हणून नापास नाही. माझ्या तिसऱ्या शिबिरात तो आला होता, आणि पुढची तीन शिबिरं मी त्याची वाट बघण्यात वाया घालवली.

स्वतः गुरुजींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ब्रह्मदेशातले व्यापारी, मायग्रेननं बेजार, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आलेली. १९५५ साली विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन तिथल्या सरकारचे अकाउंटंट जनरल, हिशेबाला पक्के. त्यांनी सांगितलं, नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. म्हणजे परिणामाच्या मागे लागू नका हे दारातच सांगितलं. आणि तुम्ही आता परिणामाचं कारण शोधताय!

तार्किक_तानाजी

सुलभाताई, आदर आहेच. पण परिणामाच्या मागे लागू नका हे उत्तर फार सोयीचं आहे. अनुभव आला तर साधनेमुळे, नाही आला तर तुम्ही चिकटलात म्हणून. अशा हिशेबात साधना कधी तोट्यात जाणारच नाही.

गेजवाल्यांनी विचारलेला प्रश्न पॅरिसमध्ये १७८४ साली विचारून झाला आहे. मेस्मर नावाचा डॉक्टर प्राणि-चुंबकत्वानं, म्हणजे अंगातल्या कुठल्याशा अदृश्य शक्तीनं, रोगी बरे करत होता. त्याचे रोगी खरोखर थरथरायचे, रडायचे, बेशुद्ध पडायचे. राजानं चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं एक झाड मंतरलं. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून भलत्याच झाडांपाशी नेलं. एकेका झाडाला मिठी मारत गेला तसतसा त्याचा त्रास वाढत गेला आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. मंतरलेलं झाड तिथून २४ फुटांवर होतं.

मुलगा नाटक करत नव्हता, बेशुद्ध पडणं खरं होतं. झाडाचा मात्र काही संबंध नव्हता. गेजवाल्यांना मी एवढंच विचारीन, तुमचं झाड कुठलं हे तुम्हाला आधी सांगितलेलं होतं ना?

गेजवाला

हो. अडचण तीच आहे.

भूलवाला

माझा पेशा नावातच आहे. शरीराच्या बाजूनं थोडं.

मांडी घालून तासभर बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या बारीक हाडाच्या टोकापाशी एक मज्जातंतू दबतो. त्यानं पायाला मुंग्या, मग बधिरपणा. त्यात अध्यात्म नाही. दुसरं, आत्ता हे वाचताना उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर एक मिनिट लक्ष ठेवा. काहीतरी टोचेल, धडधडेल किंवा ऊब लागेल. ते आधीपासूनच चाललेलं असतं, मेंदू त्याला बिनकामाचं म्हणून दाबून ठेवतो. तिसरं, रोज पहाटे ४ ला उठून अर्धपोटी, अर्धझोपेत बसलेला माणूस जाग आणि झोप यांच्या उंबऱ्यावर असतो. त्या अवस्थेत रंग, चेहरे, शरीर मोठं किंवा हलकं झाल्याचा भास हे कुणालाही होतं. आमचे रेसिडेंट डॉक्टर सलग दोन रात्रींच्या ड्यूटीनंतर जे सांगतात ते तुम्ही ऐकलंत तर त्यांना दीक्षाच द्याल.

भराभर श्वास घेण्याचे जे प्रकार आहेत त्यांचं तर सरळच आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, डोकं हलकं होतं. पण या धाग्यातली पद्धत ती नव्हे, इथे श्वास नुसता बघायचा असतो.

शरीराची कड जाण्याबद्दल इतकंच म्हणतो की बराच वेळ न हललेल्या अंगाकडून मेंदूला बातम्या कमी येतात. आपण हललो की आपली हद्द आपल्याला कळते.

नादखुळा

मग माझंही ऐका. मी तीन वर्षं कान मिटून नादानुसंधान करतो, म्हणजे आतला आवाज ऐकत बसतो. हठयोगप्रदीपिकेत क्रम दिला आहे: आधी समुद्र, मेघ, भेरी असे आवाज, मग मर्दल, शंख, घंटा, आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा, भुंगा. मला पहिल्या महिन्यात समुद्र ऐकू आला, आता भुंगा येतो. हा अनाहत नाद. डॉक्टर, यालाही मुंग्याच म्हणणार?

भूलवाला

नाही, मुंग्या नाही म्हणणार. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहून द्या म्हणाले. खोलीत आवाज कसलाच सोडला नव्हता. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं लिहून दिलं: गुणगुण, भणभण, घंटी वाजल्यासारखं. ती माणसं काही साधक नव्हती, काही मिनिटंच आत बसली होती.

नादखुळा

म्हणजे मी तीन वर्षं आणि ते काही मिनिटं. बरं.

पण एक सांगा. आवाज आहे ना? मी तो कल्पनेनं तयार केला नाही, तो होता. बाहेरचा गलका बंद केल्यावर ऐकू आला. मग अनाहत म्हणजे दुसरं काय असतं? कुणी न वाजवता वाजणारा तो अनाहत. तुमच्या ८० माणसांनी उलट माझ्याच बाजूनं साक्ष दिली.

तार्किक_तानाजी

हे आवडलं. मान्य नाही, पण आवडलं.

शास्त्रीबुवा

माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. नादखुळा यांनी अजाणता फार जुन्या वादात पाय ठेवला आहे, म्हणून दोन शब्द.

कारण कशाला म्हणावं यावर नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, जेवढा घाम गाळला तेवढा क्वचित कुणी गाळला असेल. आपण व्यवहारात म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. ते सोपं. कठीण प्रकरण आहे कुंभाराच्या गाढवाचं. कुंभारानं गाढवावरून माती आणली आणि घडा केला. गाढव घड्याच्या आधी हजर होतं. तर ते घड्याचं कारण का? नैयायिक म्हणतो, नाही. ते अन्यथासिद्ध, म्हणजे त्याच्यावाचूनही काम भागलं असतं. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झाला असता. त्यांची यादी मजेशीर आहे: चाक फिरवायचा दंड हे कारण, पण दंडाचा रंग नाही, कुंभार हे कारण, पण कुंभाराचा बाप नाही. बाप नसता तर कुंभार नसता हे खरं, तरीही नाही.

गेजवाल्यांनी दिलेल्या यादीत, म्हणजे मौन, अर्धपोट, जागरण, आसन, प्रवचन आणि विपश्यना यांत, दंड कोण आणि गाढव कोण हे ठरवायचं आहे. आपण सगळे आपापल्या नावडत्या वस्तूला गाढव ठरवून मोकळे होतो.

आता नादखुळा यांचा मुद्दा. न्यायदर्शनात प्रतिबंधकाचा अभाव, म्हणजे अडथळा नसणं, हाही कारणांत धरतात. मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही अशी त्यांची समजूत होती, तेव्हा जळायला मणी नसणंही लागतं. आणि योगसूत्रांच्या चौथ्या पादात पतंजलीनं याहून सुंदर उदाहरण दिलं आहे, शेतकऱ्याचं. निमित्त प्रकृतीला ढकलत नाही, फक्त आड आलेलं दूर करतं.

मिरजवाडीकर

शास्त्रीबुवा, हे आमच्या घरचं उदाहरण आहे. उसाला पाणी पाजताना रात्रीचं दारं धरायला जातो तेव्हा आम्ही पाणी उचलून नेत नाही. खोऱ्यानं एका वाफ्याचं दार मोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं, पाणी आपलं आपण उताराकडं जातं. पण मोटारीला लाईट नसली तर दार मोडून काय उपयोग? आणि लाईट असून दार नाही मोडलं तर पाणी भलत्याच्या रानात. मग ऊस कशानं भिजला? खोऱ्यानं का लाईटीनं? आमच्याकडं यावर भावाभावांत वर्षवर्ष बोलणं बंद होतं.

(अवांतर आहे, हलके घ्या.)

गेजवाला

अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे. माझ्या बाबतीत लाईट कोण आणि खोरं कोण?

परदेशी_पाखरू

उशिरा आले, क्षमस्व. अमेरिकेत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. ध्यान हा माझा विषय नाही, पण हे प्रयोग आम्हाला पद्धतीचे नमुने म्हणून शिकवतात. लांबेल.

गेजवाल्यांना हवं ते म्हणजे खोटं ध्यान. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. ध्यानाची साखरेची गोळी कशी करायची? जोनाथन स्मिथनं १९७६ मध्ये ती करून पाहिली. तेव्हा अमेरिकेत महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाची, म्हणजे मनात मंत्र घोळवण्याच्या ध्यानाची, लाट होती. स्मिथनं एका गटाला ते ध्यान शिकायला पाठवलं. दुसऱ्या गटासाठी त्यानं एक पद्धत स्वतः रचली: रोज दोनदा डोळे मिटून नुसतं बसायचं, मंत्र नाही, काही नाही. मात्र तिला भारदस्त नाव दिलं, शास्त्रीय वाटेल असं व्याख्यान जोडलं आणि शिकवणाऱ्यालाही ती खरी असल्याचं सांगितलं. काही महिन्यांनी दोन्ही गटांची चिंता सारखीच उतरली होती. मंत्र म्हणजे दंडाचा रंग ठरला, शास्त्रीबुवांच्या भाषेत.

इथे थांबलं तर तार्किक खूश. पण पुढे २०१५ मध्ये फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी ७५ निरोगी माणसांवर दुसरा प्रयोग केला. पायावर ४९ अंशांचा चटका देऊन वेदना मोजायची. एका गटाला चार दिवस, रोज २० मिनिटं, श्वासावर लक्ष ठेवण्याचं खरं ध्यान शिकवलं. दुसऱ्याला खोटं: डोळे मिटा, अधूनमधून खोल श्वास घ्या, आपण ध्यान करतोय, एवढंच. तिसऱ्याला वेदनाशामक म्हणून साधं मलम. चौथा गट नुसतं पुस्तक ऐकत बसला. खऱ्या ध्यानात वेदनेची तीव्रता २७ टक्के घटली, मलमानं ११, खोट्या ध्यानानं ९. वेदनेचा त्रास किती वाटतो हे वेगळं मोजलं, तिथे अनुक्रमे ४४, १३ आणि २४. मेंदूच्या स्कॅनमध्येही खऱ्या ध्यानाचा ठसा मलमापेक्षा वेगळा. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी नालोक्सोन दिलं, जे शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांचं काम अडवतं. तरीही ध्यान करणाऱ्यांची वेदना कमीच राहिली.

त्या २४ कडे नीट बघा. आपण ध्यान करतोय या नुसत्या समजुतीनं एवढं मिळतं. ४४ मधून ते वजा करा, उरेल ते पद्धतीचं. माझ्या मते गेजवाल्यांना हवं असलेलं उत्तर असंच, वजाबाकीचं असतं. फक्त तुमच्या सहाव्या संध्याकाळची वजाबाकी कुणी केलेली नाही. चटका मोजता येतो, शरीराची कड जाणं कसं मोजणार?

बाकी भराभर. २०१४ मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी ४७ चाचण्या, ३५१५ माणसं एकत्र करून पाहिली: चिंता, नैराश्य, वेदना यांत बेताचा फायदा, पण व्यायाम, औषध किंवा दुसऱ्या उपचारांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. आठ आठवड्यांत मेंदूचा करडा भाग वाढतो ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी बातमी २०११ च्या अभ्यासाची. त्यात ध्यान शिकलेली माणसं १६ होती. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटानं दोनशेहून जास्त माणसांवर तेच तपासलं, काही बदल सापडला नाही.

चिंचोका

पॉपकॉर्न संपले. वाचनखूण साठवली आहे.

रेवती_ना

मी इथे सहसा लिहीत नाही. सगळे सुखद अनुभवांबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

माझी मावसबहीण चार वर्षांपूर्वी एका शिबिरात गेली होती. कुठलं ते सांगणार नाही, त्यावर भांडण नको. सातव्या दिवसापासून तिची झोप उडाली. डोळे मिटले की आपण नाहीच आहोत असं वाटून घाबरी व्हायची. तिथे सांगितलं की जुने संस्कार वर येताहेत, बसून राहा. घरी आल्यावर पाच महिने उपचार घ्यावे लागले. आता ठीक आहे.

तार्किक म्हणतात, जे आधी कानावर घातलेलं असतं तेच अनुभवाला येतं. तिच्या कानावर हे कुणी घातलं होतं? ती तर शांतता मिळेल या अपेक्षेनं गेली होती.

तार्किक_तानाजी

याला माझ्याकडे उत्तर नाही. बहीण बरी आहे हे वाचून बरं वाटलं.

परदेशी_पाखरू

रेवती, लिहिलंस ते बरं केलंस. लिंडाल आणि ब्रिटन यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य साधक आणि शिक्षक यांच्या मुलाखती घेऊन असे अनुभव नोंदले. ५९ प्रकार झाले: झोप उडणं, भीती, अंगाला झटके, प्रकाश दिसणं, मीपण नाहीसं होणं. नुसत्या सूचनेनं सगळं घडत असतं तर सगळ्यांना जाहिरातीतलंच मिळालं असतं. पण त्यांनी हेही दाखवलं की तोच अनुभव एकाला प्रगती वाटतो, दुसऱ्याला आजार, आणि आजूबाजूची माणसं त्याला काय नाव देतात यावर पुढचं बरंच अवलंबून राहतं. संस्कार वर येताहेत हेही एक नावच. झोप न येणाऱ्या माणसाला ते नाव देऊन बसवून ठेवणं मला भयंकर वाटतं. अशा वेळी बसणं थांबवून डॉक्टरकडे जायचं, नंतर काय ते तत्त्वज्ञान.

सुलभाताई

रेवती, मलाही वाईट वाटलं. आमच्याकडे अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात. लोक लपवतात हे खरं, पण सगळा दोष लपवणाऱ्यांवर टाकता येणार नाही, हेही मान्य करते. शिकवणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे.

पाली_पाऊल

पालीची विद्यार्थिनी आहे. धागा विपश्यनेवरून सुरू झाला म्हणून एक जुना संदर्भ. पाचव्या शतकात बुद्धघोषानं विसुद्धिमग्ग या ग्रंथात श्वासावरच्या ध्यानात दिसणाऱ्या निमित्ताचं, म्हणजे मनासमोर उभ्या राहणाऱ्या खुणेचं, वर्णन केलं आहे. कुणाला ते ताऱ्यासारखं दिसतं, कुणाला मोत्यांच्या घोसासारखं, कुणाला सरकीसारखा खरखरीत स्पर्श, कुणाला धुराची रेघ, कोळ्याचं जाळं, कमळ, रथाचं चाक, चंद्र. मग तो स्वतःच विचारतो, ध्यानाचा विषय एकच असून असं वेगवेगळं का? उत्तर देतो: संज्ञा, म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाची ओळखण्याची रीत, वेगवेगळ्या म्हणून. निमित्त संज्ञेतूनच उपजतं. वर दाखला देतो की एकच सुत्त, म्हणजे बुद्धाचं प्रवचन, ऐकून काही भिक्खू बसले आहेत, एकाला ते डोंगरातून येणाऱ्या मोठ्या नदीसारखं वाटतं, दुसऱ्याला वनराईसारखं, तिसऱ्याला सावली देणाऱ्या झाडासारखं.

म्हणजे बघणाऱ्याचं मन त्यात कालवलेलं असतं हे परंपरेला दीड हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला विशेष वाटतं.

जुना_लोणावळेकर

आपल्याकडे हे कुणी तपासलंच नाही असं समजू नका. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ ची. स्वामी कुवलयानंदांनी त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढलं आणि उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटात दाब किती उतरतो ते उपकरणं लावून मोजलं. गेजवाले, तुमच्याच जातीचे. पुढे १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद यांनी हृदय थांबवू म्हणणाऱ्या योग्यांना ईसीजी लावला. मनगटाची नाडी लागेनाशी झाली, पण ईसीजीवर हृदय चालूच. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, म्हणून नाडी लागत नाही. योगी खोटं बोलत नव्हते. त्यांना स्वतःला तसंच जाणवत असणार.

गेजवाला

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात घरी एक प्रयोग केला, शास्त्रीय म्हणायचं धाडस नाही. गणपतीला सगळे जमले होते. भाच्याकडून दोन टेप करून घेतल्या. दोन्हींत सूचना त्याच: डोळे मिटा, तळहातांवर लक्ष ठेवा, अर्धा तास. फक्त एकीत सुरुवातीला म्हटलं होतं, थोड्या वेळानं हात ऊबदार लागतील. दुसरीत, हात गार पडतील. कुणाला कोणती, ते छापाकाटा करून. आठ जण बसले, निम्मे एकीकडे निम्मे दुसरीकडे. बोलायचं नाही, शेवटी कागदावर लिहायचं.

ऊबवाल्या चौघांपैकी तिघांनी ऊब लिहिली. गारवाल्यांत दोघांनी गार, एकानं मुंग्या, एकानं झोप लागली. माझ्याकडे कामावरचा पृष्ठभागाचं तापमान मोजणारा थर्मामीटर होता, त्यानं आधी आणि नंतर तळहात मोजले. ऊबवाल्यांत दोघांचे हात खरंच अर्ध्या-एक अंशानं वर होते. पण गारवाल्यांतही एकाचा वर होता, आणि त्यानं गार लिहिलं होतं! आठ माणसांवरून मी काही म्हणणार नाही, आठ रीडिंगवर आम्ही सर्टिफिकेट देत नाही.

मी स्वतः टेपशिवाय, विपश्यनेच्या पद्धतीनं बसलो होतो. धाराप्रवाह वगैरे काही नाही. शेजारी आरतीची तयारी चालली होती, तळणाचा वास येत होता. पण संवेदना डोक्यापासून पायापर्यंत बारकाईनं सापडत होत्या, आणि हे मला डिसेंबरात येत नव्हतं. एवढं मी पद्धतीच्या खात्यात टाकतो. सहावी संध्याकाळ कुठल्या खात्यात टाकायची ते अजून ठरत नाही. मिरजवाडीकरांच्या भाषेत, दार मी मोडलं होतं, पण त्या दिवशी लाईट कुणी सोडली ते कळत नाही.

राहिल्या सासूबाई. त्या गारच्या टेपवर होत्या, झोप त्यांनाच लागली. उठल्यावर म्हणाल्या, "फार बरं वाटलं हो. अर्धा तास कुणी हाक मारली नाही."

तार्किक_तानाजी

गारवाल्याचा हात वर आणि कागदावर गार, हे रीडिंग जपून ठेवा. पण टेप कोण लावत होतं? भाच्याला माहीत होतं ना कोणती कुणाची?

गेजवाला

हो राव, तोच लावत होता.

परदेशी_पाखरू

मग परत करा. टेपांवर नुसते अ आणि ब लिहा, आणि कुठली कोणती ते घराबाहेरच्या कुणाकडे तरी पाकिटात ठेवा. थर्मामीटर धरणाऱ्यालाही कळता कामा नये. आणि एक तिसरा गट हवा, त्यांना टेपच नाही, नुसतं खोलीत बसवायचं आणि बाहेरून कुणी हाक मारायची नाही.

गेजवाला

तिसऱ्या गटासाठी घरातल्या सगळ्या बायका आत्ताच तयार आहेत. दिवाळीत करतो. पाकीट शास्त्रीबुवांकडे पाठवू का?

शास्त्रीबुवा

पाठवा. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.